भाड्याच्या गाडीतली अनोळखी बटणे : जपानी डॅशबोर्ड आणि न्यूझीलंडचे रस्ते

रानजाई
१४ एप्रिल, रात्री ९.२०

नमस्कार. मी, यजमान आणि माझी आई असे तिघे काल क्राइस्टचर्चला उतरलो आणि विमानतळाजवळच्या एका कंपनीकडून नऊ दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली. हे मी लेक टेकापोच्या मुक्कामावरून लिहिते आहे. गाडी टोयोटा प्रियस आहे, तिसऱ्या पिढीतली. काही वर्षे जपानमध्ये चाललेली आणि तिथून वापरलेली गाडी म्हणून इथे आलेली. यजमान गाडी चालवत नाहीत. मी पुण्यात १६ वर्षे गाडी चालवते आहे, पण ती क्लच-गिअरची स्विफ्ट. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचे आणि स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे इथे काही अडचण येणार नाही, अशा भ्रमात मी होते.

किल्ली देणाऱ्या तरुणाने गाडीभोवती फिरून ओरखड्यांचे फोटो काढले, टाकी भरून परत करा असे बजावले आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. किल्ली म्हणजे नुसता प्लास्टिकचा चपटा तुकडा होता. मी बटण दाबले, तेव्हा पडदा उजळला आणि कोणी एक बाई जपानीत काहीतरी बोलली, पण इंजिनाचा आवाज येईना. पुन्हा दाबले तर आणखी दिवे लागले, आणि तिसऱ्यांदा दाबल्यावर सगळेच विझले. असे चार-पाच वेळा झाल्यावर ब्रेकवर पाय ठेवून दाबायचे असते हे माझे मलाच कळले. तरीही आवाज नाहीच. गाडी चालू झाली आहे की नाही हे ठरवता येत नसताना गिअर टाकण्याचे धाडस आयुष्यात पहिल्यांदा केले.

खरी फजिती पुढे झाली. पहिल्याच गोल चौकाशी वेग कमी करताना डावा पाय सवयीने क्लच शोधू लागला आणि त्याला डावीकडे, जरा उंचावर, खरोखरच एक पेडल सापडले. ते मी पूर्ण दाबले. वेग ताशी पंधराएक किलोमीटर असेल, पण गाडी अशी ठेचकाळली की आईच्या मांडीवरची पर्स डॅशबोर्डावर आपटली. ते पेडल म्हणजे हँडब्रेक होता. हँडब्रेक दोन सीटांच्या मध्ये नाही हे मी आवारातच पाहिले होते, पण मग तो कुठे आहे हे शोधलेच नव्हते. मागे कोणी गाडीवाला नव्हता, हे नशीब.

आता प्रश्न. गाडी चालू आहे हे कशावरून ओळखायचे? गिअरच्या दांड्यावर ‘बी’ असे एक अक्षर आहे, ते कशासाठी? मागे घेताना गाडी पीं-पीं करते, ते बाहेरच्यांना ऐकू येते का? ती जपानी बाई दर वेळी गाडी चालू केल्यावर काय सांगते? रेडिओवर एकच केंद्र का लागते, आणि पडद्यावरचे घड्याळ तीन तास मागे का आहे? गाडीची पुस्तिका कप्प्यात आहे, पण तीही जपानीतच. परवा मिलफर्ड साउंडच्या घाटात जायचे आहे, म्हणून जरा घाईने विचारते आहे.

ऑकलंडवासी
१४ एप्रिल, रात्री १०.०५

रानजाई, न्यूझीलंडमध्ये स्वागत. आधी त्या बाईंचे सांगतो, कारण इथे नव्याने येणारा प्रत्येक जण त्यांना घाबरतो. त्या म्हणतात, ‘कार्दो गा सोन्यू सारेते इमासेन’, म्हणजे ‘कार्ड घातलेले नाही’. जपानमध्ये टोल भरण्यासाठी गाडीत एक छोटे यंत्र असते आणि त्यात कार्ड सरकवावे लागते. आपल्याकडच्या फास्टॅगचा हा थोरला भाऊ. गाडी इथे आली, यंत्र तसेच राहिले, आणि कार्ड कुठे आहे हे विचारण्याचे काम ते इमानेइतबारे करत राहिले. दक्षिण बेटावर एकही टोल रस्ता नाही, तेव्हा तिकडे खुशाल दुर्लक्ष करावे. यंत्राची वायर ओढून काढण्याचा मोह मात्र टाळावा, गाडी आपली नाही.

घड्याळ आणि नकाशा यांचेही मूळ तेच आहे. पडदा जपानी वेळ दाखवतो, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथली उन्हाळी वेळ संपली की जपान आपल्या तीन तास मागे असतो. नकाशात फक्त जपानच भरलेला असल्यामुळे तुमची गाडी एखाद्या वेळी समुद्रात तरंगताना दिसेल. रस्ता शोधण्यासाठी फोनच वापरा, आणि टेकापो सोडण्याआधी नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण मिलफर्डच्या वाटेवरच्या ‘ते अनाऊ’ या गावाच्या पुढे फोनला जवळजवळ कुठेच रेंज मिळत नाही.

रेडिओची गोष्ट गमतीची आहे. जपानमध्ये एफएमचा पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुने रेडिओ ९० वरच थांबतात. इथली केंद्रे ८८ ते १०८ मध्ये असतात. दोन्हींत सामाईक जागा एवढीशी उरते, म्हणून तुम्हाला एकच केंद्र लागते. काही गाड्यांत अँटेनाच्या वायरीत एक छोटी डबी बसवलेली असते आणि ती सगळी केंद्रे खाली सरकवते; मग १०१ चे केंद्र ८९ वर ऐकू येते. तुमच्या गाडीत ती बसवलेली दिसत नाही.

अशा गाड्या इथे इतक्या का, असा प्रश्न पडला असेल. दोन्ही देशांत वाहतूक डावीकडून चालते, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस वापरलेल्या गाड्यांच्या आयातीवरचे निर्बंध सैल झाल्यावर जपानी गाड्यांचा ओघ सुरू झाला. इथले मोटार जुळणीचे शेवटचे कारखाने १९९८ मध्ये बंद पडले. तेव्हापासून इथली प्रत्येक गाडी बाहेरूनच येते, आणि स्वस्त भाड्याच्या गाड्यांत जपानहून आलेल्या जुन्या गाड्या पुष्कळ असतात.

तेलपाणी
१४ एप्रिल, रात्री ११.४०

यंत्राच्या बाजूचे मी लिहितो. पिंपरीत हायब्रिड गाड्यांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत.

गाडी चालू आहे याची एकच खूण म्हणजे डॅशबोर्डावर हिरव्या अक्षरांत उमटणारा ‘रेडी’ हा शब्द. तो दिसला म्हणजे इंजिन गप्प असले तरी गाडी निघायला तयार आहे. ब्रेक न दाबता बटण दाबले की पहिल्या दाबात रेडिओपुरती वीज मिळते, दुसऱ्या दाबात बाकीची उपकरणे जागी होतात आणि तिसऱ्या दाबात सगळे बंद होते. तुमच्या बाबतीत नेमके हेच झाले. यातला धोका असा की पहिल्या दोन अवस्थांत राहून कोणी तासभर गाणी ऐकत बसले, तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरते; मोठी बॅटरी भरलेली असूनही मग गाडी चालू होत नाही, कारण तिला जागे करणारे संगणक त्या छोट्या बॅटरीवरच चालतात. थांबून गाणी ऐकायची असतील तर ‘रेडी’ ठेवूनच ऐकावीत.

याच्या उलट चूक जास्त वाईट. इंजिन गप्प आहे म्हणून गाडी बंदच आहे असे समजून लोक उतरतात. किल्ली खिशात घेऊन दार लावले की गाडी ओरडते, तो आवाज मनावर घ्यावा. उतरण्याचा क्रम पाठ करून टाका : ब्रेक दाबलेला, दांड्याशेजारचे ‘पी’ बटण, डाव्या पायाचा हँडब्रेक, आणि मग बंद करण्याचे बटण. ‘पी’ दांड्यात नसून वेगळे बटण म्हणून आहे, हेही पुष्कळांना सापडत नाही. दांडा सोडला की तो आपल्या जागी परत येतो, त्यामुळे गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे दांड्याकडे पाहून कळणार नाही. ते पडद्यावरच वाचावे लागते. माझ्या मते या गाडीतली सर्वांत फसवी गोष्ट हीच आहे. आपल्या हाताला गिअरची जागा ‘जाणवण्याची’ सवय असते आणि इथे हाताला काहीच कळत नाही.

‘बी’ हे उतारासाठी आहे. प्रियस उतरताना चाकांच्या गतीतून वीज तयार करून बॅटरीत भरते आणि त्यातूनच तिला बरेचसे ब्रेकिंग मिळते. लांब घाटात बॅटरी भरली की ही सोय संपते आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ‘बी’ टाकल्यावर गाडी इंजिनाला फुकट फिरवते आणि त्याच्या विरोधाने वेग धरून ठेवते. खंबाटकीत आपण दुसरा गिअर टाकून उतरतो तसेच हे. इंजिन एकदम मोठ्याने घरघरले तर घाबरू नका. सपाटीवर मात्र ‘बी’मध्ये चालवू नका, पेट्रोल उगाच जळते.

मागे घेतानाची पीं-पीं फक्त आत ऐकू येते. बाहेर कोणालाही काही कळत नाही. गाडी चोरपावलाने मागे जाते. लहान मुले असतील तिथे हे ध्यानात ठेवा.

संशयात्मा
१५ एप्रिल, सकाळी ६.१५

माहिती उत्तम आहे, पण मूळ मुद्द्याकडे कोणी का पाहत नाही? गाडी ताब्यात घेताना चालकाने सगळे विचारून घ्यायला हवे होते. पैसे आपण मोजतो, तर दहा मिनिटे समजावून सांगणे हे त्यांचे काम आहे. आवारातून बाहेर पडल्यावर आंतरजालावर विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे. शिवाय ७५ वर्षांच्या आईला घेऊन अनोळखी गाडीत निघण्यापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन नवी गाडी का घेतली नाही?

रानजाई
१५ एप्रिल, सकाळी ८.३०

संशयात्मा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मला टोचलाही. पण काय विचारायचे हे कळण्यासाठी आधी काय माहीत नाही हे माहीत असावे लागते. ‘हँडब्रेक कुठे आहे?’ हा प्रश्न परवाना मिळून १६ वर्षे झालेल्या बाईने विचारायचा, याची मला लाज वाटली. खोटे कशाला बोलू. (आई ७१ वर्षांची आहे आणि आमच्यात सर्वांत शांत तीच आहे.)

आणखी एक कबुली. आज सकाळी यजमानांची पेन्सिल सीटखाली गेली. ती काढताना प्लास्टिकचे आवरण घातलेला एक कागद मिळाला : ‘रेडी’ दिव्याचे चित्र, पायाच्या ब्रेकवर बाण, पेट्रोलच्या झाकणाची कळ, सगळे इंग्रजीत. कंपनीने तो ठेवला होता आणि कोणा आधीच्या प्रवाशाच्या पायाखाली तो सरकला होता. तेव्हा निम्मा दोष त्यांच्या पदरात टाकण्याची माझी तयारी होती, तो आता परत घेते.

ऑकलंडवासी, आईने तो ‘सोन्यू’ कालच पकडला होता. तिला वाटते की बाई ‘सोन्या’ अशी हाक मारते आहे, आणि गाडी चालू केली की ती मागून ‘ओ’ देते.

निवृत्त_चालक
१५ एप्रिल, सकाळी ९.१०

ताई, लाज वाटण्याचे काहीही कारण नाही. मी एसटीत ३१ वर्षे काढली. दुसऱ्या डेपोची गाडी हाती आली की आम्ही तिला अनोळखी जनावरच समजायचो. फाटकाच्या आत असतानाच दहा-वीस फूट पुढे घेऊन ब्रेक मारून पाहायचा, म्हणजे तो किती खोल जातो आणि किती जोरात पकडतो हे पायाला कळते. मग जागेवर बसून वायपर, दिवे, हॉर्न, काचेवरची वाफ घालवणारा वारा आणि चारही इंडिकेटर एकदम लावणारे लाल त्रिकोणाचे बटण, हे सगळे आधी बघून आणि मग न बघता हाताला सापडते का ते तपासायचे. ऊन असताना वायपरची आठवण कोणाला होत नाही, आणि घाटात ढग अंगावर आला की तेव्हा बटण शोधायला वेळ नसतो.

तुमच्या डाव्या पायाविषयी एक सांगतो. तो पाय मागे, सीटच्या बुडाशी टेकवून ठेवा. पहिले दोन दिवस मुद्दाम तसे बसा. पाय पुढे मोकळा राहिला तर तो क्लच शोधणारच. डोक्याने कितीही समजावले तरी पाय ऐकत नाही.

राईनकाठ
१५ एप्रिल, दुपारी १.५०

धागा वाचून राहवले नाही. तुमची अडचण जुन्या गाडीची आहे, तर आमच्याकडे जर्मनीत नव्या गाडीची. म्हणून संशयात्मा यांनी सुचवलेला ‘नवी गाडी घ्या’ हा उपाय मला तितकासा पटत नाही.

युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. कॅमेरा पाट्या वाचतो आणि मर्यादा ओलांडली की गाडी इशारा देते. कल्पना चांगलीच आहे. पण महामार्गावरून जाताना शेजारच्या बाहेर पडणाऱ्या रस्त्याची ६० ची पाटी कॅमेऱ्याने वाचली, की १२० ने चाललेली गाडी तुमच्या नावाने ओरडू लागते. हा इशारा बंद करता येतो, मात्र गाडी पुन्हा चालू केली की तोही पुन्हा चालू होतो. गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे नागपूरहून आले होते. त्यांना हे सगळे आवाज म्हणजे गाडी बिघडल्याची लक्षणे वाटली आणि ते मला दोनदा बाजूला थांबायला सांगून बसले.

मार्गिका न सोडण्यासाठी स्टिअरिंग स्वतःहून ढकलणारी यंत्रणा मला जास्त महत्त्वाची वाटते. इथे रस्त्याचे काम चालू असेल तिथे पिवळ्या रेषा आखतात आणि त्या पांढऱ्या रेषांपेक्षा वरचढ असतात. चालकाला ते माहीत असते, गाडीला दर वेळी उमगतेच असे नाही. मग अरुंद मार्गिकेत, शेजारी ट्रक असताना, स्टिअरिंगला हलका हिसका बसतो. हात घट्ट धरला तर आपलेच चालते, यंत्रणेचा जोर मुद्दामच कमी ठेवलेला असतो. पण हिसका कसा लागतो हे मोकळ्या रस्त्यावर एकदा अनुभवून ठेवलेले बरे. सरसकट सगळे बंद करा असे मी म्हणणार नाही. समोरच्या गाडीवर आदळण्याआधी आपोआप लागणारा ब्रेक तर कधीच बंद करू नये.

म्हापशेकर
१५ एप्रिल, संध्याकाळी ७.२५

इतके लांब जायला नको. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, स्वतः चालवायची गाडी घेऊन येणारे पाहुणे मी रोज पाहतो. अलीकडे त्यांना बऱ्याचदा क्लच नसलेली छोटी गाडी मिळते, आणि तिच्यात ‘पी’च नसतो. मुंबईतला मोठ्या ऑटोमॅटिक गाडीची सवय असलेला माणूस दांडा हलवत ‘पी’ शोधत राहतो.

या गाड्यांचा गिअरबॉक्स मुळात आपला नेहमीचाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते, एवढाच फरक. म्हणून चाके अडकवून ठेवणारा ‘पी’ तिथे नसतो आणि उभी करताना सगळी भिस्त हँडब्रेकवर असते. तो पूर्ण ओढलाच पाहिजे, आणि उतारावर चाके रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवलीच पाहिजेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत अशी एक गाडी हळूहळू मागे येत येत नारळाला टेकली. गाडीचे मालक तेव्हा समोरच्या घरात भाजी-पाव खात होते.

आवाजाविषयी आणखी एक. जुलै २०१९ पासून भारतात बनलेल्या मोटारींत ताशी ८० च्या वर थोड्या थोड्या वेळाने आणि १२० च्या वर सतत बीप वाजते. पाहुण्यांना ते सीटबेल्टचे वाटते आणि ते मागच्या सीटवरच्या पिशव्या हलवत बसतात.

बे_एरियातला_बापू
१६ एप्रिल, सकाळी ७.००

कॅलिफोर्नियातून एकच भर घालतो. पेट्रोलची गाडी राखून ठेवली असताना काउंटरवर विजेची गाडी हातात पडणे इथे नवीन नाही. माझ्या मित्राला टेस्लाचे नवे मॉडेल ३ मिळाले. किल्ली म्हणजे पत्त्यासारखे एक कार्ड. ते दोन दारांमधल्या खांबाला लावायचे, तेव्हा कुलूप उघडते. इंडिकेटरचा दांडाच नाही, स्टिअरिंगवर बटणे आहेत. गिअर पडद्यावर बोट सरकवून टाकायचा. आणि पायातला दाब कमी केला की गाडी स्वतःच जोराने मंदावते, त्यामुळे मागे बसलेल्यांना पहिला तासभर मळमळते. तो मला म्हणाला की गाडी छान होती, पण आवारातून बाहेर पडायलाच अर्धा तास लागला. माझ्या मते तो अर्धा तास वाया गेला नाही.

तेलपाणी
१६ एप्रिल, सकाळी ८.४०

रानजाई, आज तुम्ही मिलफर्डला निघणार, म्हणून एक विसरलेली गोष्ट. या गाडीचा डॅशबोर्ड दिवसा-रात्री उजळलेलाच असतो. आपल्या जुन्या गाड्यांत काटे अंधारात दिसेनासे झाले की हेडलाइट लावायचे राहिलेत हे कळते. इथे ती आठवण करून देणारे काहीच नाही. बोगदा, ढग, संध्याकाळ, कुठेही आपले दिवे लागले आहेत की नाही हे उजव्या दांड्याच्या टोकावरची खूण पाहूनच ठरवा.

रानजाई
१७ एप्रिल, रात्री ८.१०

तेलपाणी, तुमचा निरोप मी निघाल्यानंतर वाचला आणि त्याआधीच तो धडा मिळाला होता. ते अनाऊहून पहाटे धुक्यात निघालो. समोरून आलेल्या दोन गाड्यांनी दिवे उघडझाप केले. पुण्यात त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’ असा होतो, म्हणून मी थांबले. तिसऱ्या गाडीच्या वेळी यजमान म्हणाले, ‘आपलेच दिवे नाहीत वाटते.’ खरेच नव्हते. समोर सगळे आकडे निळे-हिरवे झगमगत होते आणि गाडी बाहेरून काळोखी होती.

ते अनाऊ ते मिलफर्ड सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता आहे, टाकी ते अनाऊलाच भरली. पेट्रोल पंपावर झाकण उघडेना. पायाजवळची कळ त्या कागदावरच्या चित्रामुळे सापडली. झाकण डावीकडे आहे हे मात्र डॅशबोर्डावरच्या पंपाच्या चित्राशेजारच्या बारीक त्रिकोणाने आधीच सांगितले होते. तो त्रिकोण माझ्या स्विफ्टमध्येही असेल, १६ वर्षांत कधी पाहिला नाही.

होमर बोगदा साधारण सव्वा किलोमीटरचा आहे आणि मिलफर्डच्या बाजूला दर दहा फुटांना एक फूट असा उतरत जातो. कातळ तसाच खडबडीत, छतातून पाणी ठिबकणारा. आत शिरताना दिवे दोनदा तपासले. पलीकडच्या तोंडाशी डोळ्यांवर एकदम उजेड आला आणि खाली वळणावळणांचा रस्ता पसरलेला दिसला. तिथे मी ‘बी’ टाकला. इंजिनाची घरघर सुरू झाल्यावर मागून आई म्हणाली, ‘आत्ता कुठे गाडीसारखी गाडी वाटली.’ ब्रेकवरचा पाय बराच वेळ नुसता टेकलेला राहिला. बॅटरीच्या चित्रातल्या पट्ट्या एकेक करून भरत गेल्या आणि पायथ्याशी पोचेपर्यंत पूर्ण भरल्या, म्हणजे तुम्ही लिहिलेले अक्षरशः डोळ्यांसमोर घडले.

निवृत्त_चालक काका, डावा पाय सीटच्या बुडाशी ठेवते आहे. दोन वेळा निसटला, पण पेडलापर्यंत पोचला नाही.

ऑकलंडवासी
१७ एप्रिल, रात्री ९.००

वा! परत करताना एक काम विसरू नका. पडद्याला फोन जोडला असेल तर त्या यादीतून तो पुसून टाका. भाड्याच्या गाड्यांत मागच्या दहा-बारा प्रवाशांच्या फोनची नावे तशीच पडलेली मी पाहिली आहेत, आणि काहींचे संपर्क क्रमांकही. मेनू जपानीत असेल, तर फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर दाखवणारे अॅप पडद्यासमोर धरा. अक्षरे थरथरत मराठी-इंग्रजीत बदलतात, पण काम होते.

रानजाई
२३ एप्रिल, सकाळी १०.४५

काल गाडी परत केली. फोन पुसला, यादीत आमच्याआधी सात फोन होते, त्यांना मी हात लावला नाही. तो प्लास्टिकचा कागद सीटखाली परत सरकू नये म्हणून चालकाच्या समोरच्या सावलीच्या पट्टीत खोचून ठेवला. तिथला तरुण तोच होता. त्याला मी पायाच्या ब्रेकची हकिकत सांगितली, तेव्हा तो म्हणाला की क्लचच्या गाड्या चालवणारे लोक हे नेहमीच करतात. मग आधी का सांगत नाहीस, असे विचारल्यावर तो हसला आणि माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाला, एका स्पॅनिश जोडप्याला, त्याने ते पेडल लगेच दाखवले. संशयात्मा, एवढ्यापुरता तुमचाच विजय मानते.

भरतीओहोटी
२३ एप्रिल, दुपारी ३.२०

धाग्याबद्दल सर्वांचे आभार. माझे थोरले बंधू आणि वहिनी पुढच्या महिन्यात उत्तर बेटावर अशीच जपानी गाडी घेणार आहेत. तिथेही टोल नाही असे समजायचे का, आणि ती बाई बोलली तर तिकडे दुर्लक्षच करायचे का?

ऑकलंडवासी
२३ एप्रिल, संध्याकाळी ५.०५

बाईंकडे दुर्लक्ष करायचे, टोलकडे नाही. उत्तर बेटावर तीन टोल रस्ते आहेत : ऑकलंडच्या उत्तरेला एक आणि टौरंगाजवळ दोन. तिथे नाका किंवा फाटक काहीही नसते, कॅमेरा पाटीचा फोटो घेतो आणि पैसे पाच दिवसांच्या आत आपणच ऑनलाइन भरायचे असतात. ते राहिले तर भाडे-कंपनी टोलवर आपला खर्च चढवून वसूल करते. गाडीतल्या जपानी यंत्राचा या टोलशी काही संबंध नाही, त्यात कोणतेही कार्ड घालायचे नसते. बंधूंना पाटीचा क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवायला सांगा, पैसे भरताना तोच लागतो.